शून्य इनपुटवर शिट्टी: दुसऱ्या ऑर्डरच्या सिग्मा-डेल्टात आयडल टोन नेमका कुठून येतो?

प्रश्न: बिटप्रवाह

ऑडिओ एडीसीसाठी सुट्या भागांतून दुसऱ्या ऑर्डरचा एक-बिट सिग्मा-डेल्टा मॉड्युलेटर उभा केला आहे, म्हणजे इनपुटची सरासरी वेगवान +/− बिटांच्या प्रवाहात मांडणारा फीडबॅक लूप. दोन ओपॅम्प आरसी इंटिग्रेटर, एक वेगवान कंपॅरेटर आणि पुढे ७४ मालिकेतला डी-फ्लिपफ्लॉप. फीडबॅकच्या एक-बिट डॅकचं (बिटाचं पुन्हा व्होल्टेज करणाऱ्या भागाचं) कामही तोच फ्लिपफ्लॉप करतो. क्लॉक ३.०७२ मेगाहर्ट्झ, ओव्हरसॅम्पलिंग ६४, फुल स्केल ±२ व्होल्ट. बिटस्ट्रीम एफपीजीएत (प्रोग्राम करता येणाऱ्या लॉजिक चिपमध्ये) जातो. तिथे सिंक-३, मग एफआयआर (हे सॅम्पल दर खाली आणणारे डेसिमेशन फिल्टर), मग डीसी काढणारा हायपास, आणि शेवटी ४८ किलोहर्ट्झवर १६ बिटांचा स्टिरिओ आयटूएस (डिजिटल ऑडिओची सीरियल बस) बाहेर पडतो.

इनपुट ग्राउंडला शॉर्ट केलं की ३.१ किलोहर्ट्झच्या आसपास −९८ डीबीएफएसचा (फुल स्केलच्या ९८ डीबी खाली) टोन दिसतो, म्हणजे सिग्नल नसताना लूपमधूनच निघणारा आयडल टोन. गेन वाढवून ऐकलं तर स्वच्छ शिट्टी ऐकू येते. पहिल्या ओपॅम्पवर बोट ठेवलं की काही सेकंदांत तो ३० हर्ट्झने सरकतो. −२० डीबीएफएसचा १ किलोहर्ट्झ सिग्नल दिला की नाहीसा होतो. हायपासनंतर डीसी शून्य आहे. सिम्युलेशनला शून्य इनपुट दिलं तर ऑडिओ पट्ट्यात काहीच दिसत नाही.

डिदर (मुद्दाम मिसळलेला बारीक यादृच्छिक नॉइज) घालावा, की लूप तिसऱ्या ऑर्डरचा करावा?

---

लूपगेन

दोन्ही सध्या बाजूला ठेवा. हा टोन डीसीबरोबर किती वेगाने सरकतो ते आधी मोजा, कारण उपाय त्या उतारावर ठरतो.

हायपास मॉड्युलेटरच्या नंतर येतो. त्याने आउटपुटमधला डीसी पुसला, तरी लूपला ओपॅम्पचा ऑफसेट आणि रेफरन्सच्या मध्यबिंदूची चूक दिसतच राहते, आणि टोन त्यातूनच जन्मतो. सिम्युलेशन गप्प राहतं त्याचंही कारण हेच. तिथे इनपुट अगदी शून्य आहे, बोर्डावर ते तसं कधीच नसतं.

इनपुट शून्य असेल तेव्हा पहिल्या ऑर्डरच्या लूपचा आउटपुट + − + − + − असा चालतो. आता डीसी फुल स्केलच्या ०.००१ इतका धरा. सरासरी तेवढी राखायची तर साधारण दर १००० सॅम्पलना एक जादा + घुसवावा लागतो: + − + − + + − + − +. हा जादा + दर सेकंदाला ३०७२ वेळा येतो, म्हणजे ३.०७२ किलोहर्ट्झचा टोन. डीसीला (फुल स्केलच्या प्रमाणात) क्ष आणि ३.०७२ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला एफएस म्हटलं तर ऑडिओ पट्ट्यातला टोन क्ष × एफएस इथे पडतो. शिवाय प्रत्येक जादा + मुळे + − चा ठेका एका सॅम्पलने उलटतो, म्हणून एफएस/२ जवळची मोठी रेषा एफएस/२ पासून क्ष × एफएस/२ इतकी बाजूला सरकते. दुसऱ्या ऑर्डरमध्ये नमुना याहून गुंतागुंतीचा असतो आणि ऑडिओतला टोन बराच दबतो, पण वारंवारतांचं गणित हेच राहतं आणि एफएस/२ जवळची रेषा ठणठणीत राहते.

ती रेषा डेसिमेशन फिल्टर सहज मारतो. पण त्याआधी बोर्डावर कुठे तिचा एफएस/२ च्या क्लॉकशी गुणाकार झाला, तर ती क्ष × एफएस/२ इथे ऑडिओत उतरते. तेव्हा नमुन्यातून थेट आलेल्या टोनचा उतार एफएस असतो आणि गुणाकारातून आलेल्याचा एफएस/२.

तुमच्या ±२ व्होल्टवर १ मिलिव्होल्ट म्हणजे क्ष ०.०००५. पहिल्या प्रकारात टोन १५३६ हर्ट्झ सरकेल, दुसऱ्यात ७६८. मोजायला सोपं आहे: हायपास बायपास करा, डेसिमेट झालेल्या आउटपुटची एक-दोन सेकंदांची सरासरी घ्या (तीच क्ष), आणि त्याच वेळचा टोन वाचा. मग पहिल्या इंटिग्रेटरच्या समिंग नोडला मोठ्या रोधातून, पोटेन्शिओमीटरने काही मिलिव्होल्ट इकडे-तिकडे देऊन चार-पाच बिंदू काढा. रेषा सरळ हवी आणि शून्यातून जायला हवी.

यूएसबीची ढवळाढवळ १ किलोहर्ट्झ किंवा ८ किलोहर्ट्झला दिसते, मेन्सची ५० आणि १०० हर्ट्झला. त्या रेषा डीसी बदलल्याने जागच्या हलत नाहीत. जी हलते तेवढीच आयडल टोनची.

---

शून्यपातळी

एफएफटीबद्दल (स्पेक्ट्रम काढण्याच्या गणिताबद्दल) थोडं, कारण इथे पुष्कळ वेळ वाया जातो. २६२१४४ बिंदू, ४८ किलोहर्ट्झ, चार-पदी ब्लॅकमन-हॅरिस विंडो. बिन (स्पेक्ट्रमचा एक कप्पा) ०.१८ हर्ट्झची आणि नॉइजसाठी प्रभावी रुंदी त्याच्या सुमारे दुप्पट. बिंदू दुप्पट केले की दर बिनमधला नॉइज ३ डीबी खाली जातो आणि स्थिर टोन तिथेच राहतो, म्हणून लांब एफएफटी घ्यायचा मोह होतो. पण आयडल टोन स्थिर नसतो. तुमच्या स्केलवर ऑफसेट १ मायक्रोव्होल्ट सरकला तरी टोन ०.८ ते १.५ हर्ट्झ हलतो, म्हणजे चार ते आठ बिन. साडेपाच सेकंदांच्या रेकॉर्डमध्ये ओपॅम्प एवढा सहज सरकतो. मग टोन पसरट ढिगासारखा दिसतो आणि पातळी कमी वाचली जाते.

बोर्ड निदान अर्धा तास झाकून तापू द्या. तरीही ढीगच दिसला तर ३२७६८ बिंदूंवर या आणि पॉवर अॅव्हरेजिंग करा. अॅव्हरेजिंगने नॉइज फ्लोअर खाली जात नाही, फक्त गुळगुळीत होतो. त्यात टोन शोधणं सोपं जातं.

---

बिटप्रवाह

मोजलं. हायपास काढल्यावर क्ष = ०.००२०२, म्हणजे ४ मिलिव्होल्टच्या जरा वर. टोन ३१०३ हर्ट्झ. समिंग नोडवरून डीसी बदलत नेल्यावर उतार ७७० हर्ट्झ दर मिलिव्होल्ट आला, रेषा शून्यातून जाते. ६.२ किलोहर्ट्झवर आणखी एक बारीक रेषा आहे, −११२ डीबीएफएस. तिचा उतार याच्या दुप्पट आहे.

म्हणजे मोठी रेषा गुणाकारातली. पण बोर्डावर १.५३६ मेगाहर्ट्झचा क्लॉक मी मुद्दाम कुठेच तयार केलेला नाही.

---

लूपगेन

आहे की. तुमचा आयटूएस. १६ बिट, दोन चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ: ३२ × ४८००० = १.५३६ मेगाहर्ट्झ. बिट क्लॉक नेमका एफएस/२ आहे. एफपीजीएच्या पिनमधून निघून तो ग्राउंड रिटर्न आणि सप्लायमार्गे फ्लिपफ्लॉपच्या व्हीसीसीवर पोचत असणार. त्या फ्लिपफ्लॉपची व्हीसीसी हाच तुमचा रेफरन्स. डॅकचा आउटपुट म्हणजे बिट गुणिले रेफरन्स, म्हणजे गुणाकार करणारा भाग सर्किटमध्ये आयताच बसलेला आहे. ही चूक थेट इनपुटशी मिळते, त्यामुळे लूप तिचं नॉइज शेपिंग करत नाही, म्हणजे तिला ऑडिओ पट्ट्याबाहेर ढकलत नाही. तिसऱ्या ऑर्डरने इथे काहीही फरक पडला नसता.

आयटूएसचा स्लॉट ३२ बिटांचा करा आणि उरलेले १६ बिट शून्य ठेवा. बिट क्लॉक ३.०७२ मेगाहर्ट्झ होईल, म्हणजे एफएसच. एफएसचं कपलिंग दर सॅम्पलला सारखंच पडतं, त्यातून फक्त स्थिर डीसी निघतो. डेटाच्या रेषेवर मात्र स्लॉट भरणारा नमुना असतो, तेव्हा एफपीजीएच्या पिनजवळ ३३ ते ४७ ओहमचे सीरिज रोध घाला आणि पिनची ड्राइव्ह सर्वांत कमी ठेवा.

फ्लिपफ्लॉपला स्वतःचा लो-नॉइज रेग्युलेटर द्या. व्हीसीसी पिनला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरड, शेजारी १० मायक्रोफॅरड. त्या पॅकेजमधला दुसरा फ्लिपफ्लॉप भलत्या कामाला वापरू नका, त्याचा स्विचिंग करंट याच्याच व्हीसीसीतून जातो. एफपीजीएकडे जाणारा बिटस्ट्रीम याच आउटपुटवरून न घेता वेगळ्या सप्लायवरच्या बफरमधून न्या.

कारण क्लॉक नसतानाही बिटस्ट्रीम स्वतः रेफरन्सला ओढतो, आणि मग एफएस/२ जवळची रेषा स्वतःशीच गुणली जाते. त्यातून निघणारा टोन क्ष × एफएस इथे पडतो, म्हणून उतारावरून तो नमुन्यातल्या टोनपासून वेगळा काढता येत नाही. बफर वेगळा केल्यावर पातळी बदलली तर रेफरन्सकडे बोट दाखवायचं.

स्टिरिओ करणार असाल तर आणखी एक बघून ठेवा. दोन चॅनेलच्या एफएस/२ जवळच्या रेषा एकमेकींत मिसळल्या की दोन्ही डीसींच्या फरकाचा टोन निघतो, त्या फरकाच्या एफएस/२ पट. ऑफसेटमधला फरक २ मिलिव्होल्ट असेल तर तो १५३६ हर्ट्झला ऐकू येईल. दोन्ही चॅनेलना एकच रेफरन्स दिला की हे हमखास होतं.

---

काठाचा_माणूस

६.२ किलोहर्ट्झच्या रेषेवर माझा संशय फ्लिपफ्लॉपच्या कडांवर आहे. आउटपुट पूर्ण क्लॉकभर टिकणारा आहे, त्यामुळे चढती आणि उतरती कड सारख्या वेगाची नसेल तर प्रत्येक बदलागणिक थोडा चार्ज चुकतो. + − + − मध्ये प्रत्येक सॅम्पलला बदल होतो. जादा + आला की एक बदल गळतो. गळण्याचा दर क्ष × एफएस.

ढोबळ हिशेब पहिल्या ऑर्डरच्या नमुन्यावरून करतो. क्लॉकचा काळ ३२५.५ नॅनोसेकंद, कडांमधला फरक ०.२ नॅनोसेकंद धरला. गळलेल्या दर बदलामागे चूक ०.२ भागिले ३२५.५, म्हणजे ०.०००६१. टोनची उंची २ × ०.०००६१ × ०.००२०२, म्हणजे −११२ डीबी. आकडा इतका तंतोतंत जुळणं हा योगायोग मानू, कारण दुसऱ्या ऑर्डरचा नमुना वेगळा असतो. पण ७४ मालिकेतल्या भागात ०.२ नॅनोसेकंदाचा फरक अगदीच शक्य आहे.

एक उपाय म्हणजे क्यू आणि क्यू-बार (फ्लिपफ्लॉपचे सरळ आणि उलटे आउटपुट) दोन्ही वापरून डिफरन्शियल फीडबॅक देणं. कडांची चूक दोन्ही बाजूंना सारखी पडते आणि बरीचशी कटते. दुसरा उपाय रिटर्न-टू-झीरो: आउटपुट क्लॉकशी अँड करायचा, म्हणजे दर + ला स्वतःची चढती आणि उतरती कड मिळते, शेजारचा बिट काय आहे याने फरक पडत नाही. किंमत अशी की फीडबॅकचा चार्ज निम्मा होतो, इंटिग्रेटरचे रोध पुन्हा बसवावे लागतात, आणि क्लॉकच्या जिटरला (कडा मागेपुढे होण्याला) लूप जास्त हळवा होतो. ऑडिओसाठी मी आधी डिफरन्शियल करून बघेन.

---

सरळउपाय

एवढं सगळं करण्यापेक्षा मुद्दाम मोठा डीसी का देत नाही? क्ष = ०.०३, म्हणजे ६० मिलिव्होल्ट. नमुन्याचा टोन ९२ किलोहर्ट्झला जातो, एफएस/२ शी गुणाकारातला ४६ किलोहर्ट्झला. दोन्ही फिल्टरमध्ये संपतात. डीसी काढायला हायपास आहेच. हेडरूम ०.२६ डीबीने कमी होते, बस्स.

---

लूपगेन

उपाय खरा आहे आणि चिपमध्येही वापरला जातो. पण कपलिंग बरं केल्यावर, त्याआधी नाही. आत्ताच डीसी दिला तर दोष झाकला जाईल आणि पुढे दुसऱ्या चॅनेलच्या किंवा सिग्नलच्या रूपाने परत येईल. डीसी समिंग नोडला द्यायचा तो त्याच रेफरन्समधून रोधाने द्या, म्हणजे तापमानाने तो वेगळा सरकणार नाही. आधीच्या टप्प्यातून येणारा डीसी उलट दिशेचा असेल तर तो यातून वजा होतो, म्हणून इनपुटला कपलिंग कपॅसिटर हवा. आणि साध्या अपूर्णांकांच्या शेजारीही बारीक टोन निघतात. निवडलेल्या क्षच्या आजूबाजूला १० टक्के सिम्युलेशनमध्ये फिरवून बघा.

---

डिदरवाला

आता डिदर, कारण मूळ प्रश्न तोच होता.

आधी मॉडेल. दोन अवस्था, अ आणि ब. दर क्लॉकला: व = (ब + डिदर) चं चिन्ह, म्हणजे +१ किंवा −१. मग नवा ब = ब + अ − २व. मग नवा अ = अ + क्ष − व. क्रम बदलू नका. ब ला जुना अ लागतो. सुरुवातीच्या अवस्था शून्य ठेवू नका, काहीतरी वेडेवाकडे अपूर्णांक घाला आणि पहिले काही हजार सॅम्पल फेकून द्या. क्ष ०.०००१ पासून ०.०१ पर्यंत बारीक पायऱ्यांनी फिरवा आणि दर वेळी २० किलोहर्ट्झखालची सर्वांत उंच रेषा नोंदवा. क्ष ०.०००२७५ सारखे आकडेही असू द्या. १/१०२४ अशा गोल अपूर्णांकांवर लूप बांधीव चक्रात अडकतो आणि चित्र फसवं दिसतं.

डिदर क्वांटायझरच्या (इथे कंपॅरेटरच्या) तोंडाशीच घाला. तिथे त्यालाही क्वांटायझेशन नॉइजसारखंच शेपिंग मिळतं. इनपुटला घातला तर तो सरळ आउटपुटमध्ये येतो. क्वांटायझरची पायरी −१ पासून +१, म्हणजे २. सपाट वितरणाचा डिदर पूर्ण एका पायरीचा, म्हणजे ±१, घेतला तर त्याची पॉवर क्वांटायझेशन नॉइजच्या नेहमीच्या अंदाजाइतकीच होते आणि फ्लोअर ३ डीबी वर जातो. निम्मा, ±०.५, घेतला तर जेमतेम १ डीबी. मी ±०.५ पासून सुरुवात करतो आणि वरची फेरी पुन्हा चालवतो. टोन उरलेच तर वाढवतो.

पुस्तकी टीपीडीएफ (त्रिकोणी वितरणाचा) डिदर दोन पायऱ्या रुंद लागतो. एक-बिट क्वांटायझरला तेवढी जागाच नसते, त्यामुळे तो ओव्हरलोड होतो. २००१ साली लिपशिट्झ आणि वँडरकूय यांनी एक-बिट पद्धतीवर घेतलेला मुख्य आक्षेप हाच. तेव्हा इथे टोन पूर्ण नाहीसे होणं हे ध्येय धरू नका, फ्लोअरखाली दाबणं हे धरा. डिदर वाढवाल तसं मोठ्या सिग्नलला लूप लवकर अस्थिर होतो, म्हणून प्रत्येक पातळीला −३ डीबीएफएसच्या साइनने तपासा. त्याला ब भरकटत असेल तर किती खाली यावं लागतं ते लिहून ठेवा.

बोर्डावर: एफपीजीएत ३२ बिटांचा एलएफएसआर (यादृच्छिकसारखे बिट काढणारा शिफ्ट रजिस्टर), टॅप ३२, २२, २, १. दर क्लॉकला तो चार पावलं पुढे न्या आणि चार बिट चार पिनांवर काढा. एकच पाऊल नेलंत तर शेजारचे बिट म्हणजे एकमेकांच्या उशिरा आलेल्या नकला, आणि डिदरचा स्पेक्ट्रम सपाट राहत नाही. चार पिनांना १, २, ४, ८ या प्रमाणातले रोध लावून कंपॅरेटरच्या इनपुटशी बेरीज करा. किती व्होल्ट? सिम्युलेशनमध्ये डिदरशिवाय ब ची आरएमएस काढा, बोर्डावर दुसऱ्या इंटिग्रेटरची आरएमएस मोजा, त्याच गुणोत्तराने ±०.५ चं रूपांतर करा.

१६ बिटांचा एलएफएसआर घेऊ नका. तो ६५५३५ क्लॉकनी पुन्हा तोच नमुना देतो, म्हणजे २१.३ मिलिसेकंदांनी. मग डिदरच ४६.९ हर्ट्झच्या अंतराने रेषांचा कंगवा होऊन बसतो. ३२ बिटांचा २३ मिनिटांनी फिरतो. आणि तो सर्व-शून्य अवस्थेत अडकू नये म्हणून रीसेटला शून्याखेरीज काहीही भरा.

डिदरचे पिन आणि फ्लिपफ्लॉपचा सप्लाय वेगळे ठेवा. रेफरन्सवर पोचलेला डिदर शेपिंगशिवाय ऑडिओत उतरतो, आणि मग डिदर घातल्यावर फ्लोअर १ डीबीऐवजी ६-७ डीबी चढलेला दिसतो.

---

शून्यपातळी

मल्टिबिट क्वांटायझर असलेल्यांसाठी एक पुरवणी. डिदरला तिथे जागा मिळते, पण डॅकचे घटक पाळीपाळीने फिरवणारी डीडब्ल्यूए पद्धत स्वतः टोन काढते. ८ घटक आणि सरासरी कोड ४ च्या जवळ असेल तर पॉइंटर दर दोन सॅम्पलना त्याच जागी परततो. कोड ४.०२ झाला की घटकांमधल्या फरकाचा टोन ०.०२ × एफएस/४ इथे येतो, एफएस ३.०७२ मेगाहर्ट्झ असेल तर १५.४ किलोहर्ट्झ. नववा घटक घाला, म्हणजे ४ आणि ९ ला सामायिक भाजक राहत नाही आणि टोन बराच दबतो. दोन दिशांनी फिरणारी डीडब्ल्यूए हाही मार्ग आहे, पण तिचा फ्लोअर किंचित वर असतो.

---

बिटप्रवाह

३२ बिटांचे स्लॉट, सीरिज रोध आणि फ्लिपफ्लॉपला वेगळा रेग्युलेटर केला. ३.१ किलोहर्ट्झची रेषा फ्लोअरमध्ये गेली. ६.२ ची −११२ वर होती तशीच राहिली. क्यू-बार वापरून डिफरन्शियल केल्यावर ती −१२४ झाली. म्हणजे कडांचा संशय बरोबर होता. आता ±०.५ चा डिदर लावतो. तो लावल्यावर तपासणीला फक्त एफएफटी पुरेल का?

---

लूपगेन

पुरणार नाही. एफएफटी एकाच क्षवर बघतो, आणि त्या जागी टोन नसेल एवढंच सांगतो. समिंग नोडला अतिशय मंद रॅम्प द्या: −१० मिलिव्होल्टपासून +१० पर्यंत, साधारण ६० सेकंदांत, शून्य ओलांडून. हायपास चालू ठेवा, आउटपुट डिजिटलमध्ये ४० डीबी वाढवा आणि हेडफोनवर ऐका. टोन उरला असेल तर तो वरून खाली घसरत येतो, शून्यापाशी थांबतो आणि पुन्हा चढतो. हिसच्या ५-१० डीबी खाली असला तरी सरकता सूर कानाला सापडतो. त्याच रेकॉर्डचा स्पेक्ट्रोग्राम काढलात तर शून्यापाशी व्ही आकार दिसेल. त्याच्या बाजूंचा उतार १.५ किलोहर्ट्झ दर मिलिव्होल्ट आहे की निम्मा, ते तिथेच वाचता येईल.

रॅम्प घड्याळातून किंवा पीडब्ल्यूएममधून काढू नका, त्याचेच सूर मिसळतील. बॅटरी, १० मेगाओहम आणि गळती कमी असलेला फिल्म कपॅसिटर पुरे.